रुपया आणि पौंड : हुंडणावळीची कथा

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दरवर्षी या व्यासपीठावरून कोणी विद्वान वक्ता बोलतो आणि आम्ही समोर बसून ऐकतो, असा आजवरचा परिपाठ आहे. यंदा कार्यकारी मंडळाने तो मोडून आम्हांस उभे केले आहे. आम्ही अर्थशास्त्राचे पंडित नव्हे. जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर प्राथमिक शाळेत मुलांना त्रैराशिक आणि व्याजाची उदाहरणे शिकविण्यातच आमचे आयुष्य गेले. त्यामुळे आज जे सांगणार आहोत तेही फळ्यावरच्या गणिताच्या बेताचेच असेल. परंतु हा विषय आम्ही हौसेने निवडलेला नाही. आमच्या हातून घडलेल्या एका चुकीने तो आमच्या गळ्यात घातला आहे. ती चूक प्रथम सांगतो.

गतवर्षी आपल्या शिक्षणनिधीकडे एका सभासदाचा अर्ज आला. त्यांच्या कन्येस इंग्लंडमधील एका विद्यापीठात प्रवेश मिळाला होता. वडिलांनी राहते घर गहाण ठेवून कर्ज काढले. कर्ज मंजूर झाले रुपयांत आणि शुल्क भरावयाचे होते पौंडांत. मंजुरी आणि भरणा यांच्यामध्ये जे काही महिने गेले, तेवढ्या अवधीत पौंड महागला आणि रक्कम अपुरी पडली. ती तूट निधीने भरून द्यावी, एवढीच त्यांची विनंती होती. बैठकीत एक मत असे पडले की, दरातील फरक ज्याचा त्याने सोसावा, निधी त्यासाठी नाही. आम्हीही त्यास होकार दिला. अर्ज नामंजूर झाला. जाताना त्या गृहस्थांनी आम्हांस विचारले, "गुरुजी, पौंड महागला यात आमचा काय दोष?" आम्ही शिक्षकी थाटात उत्तर दिले, "स्वातंत्र्य मिळाले तेव्हा आपला रुपया आणि अमेरिकेचा डॉलर एकाच भावाचे होते. पुढे देशाची पत घसरली. त्याची फळे आपण भोगतो आहोत." ते काही न बोलता निघून गेले. मुलीच्या आईने हातातील पाटल्या मोडून ती तूट भरून काढली, हे आम्हांस मागाहून कळले. त्या कुटुंबाच्या संमतीने आणि त्यांचे नाव न घेता हे येथे सांगत आहोत.

आता आमच्या उत्तराविषयी. ते धादांत खोटे होते. हाच मजकूर हल्ली भ्रमणध्वनीवर गावोगाव फिरतो आणि आम्ही स्वतः कित्येक वर्षे १५ ऑगस्टच्या भाषणांत तो मुलांना सांगितलेला आहे. त्या रात्री मनास चुटपुट लागली, म्हणून आम्ही ग्रंथालयातून पुस्तके आणून वाचू लागलो. जे हाती आले ते आज आपणांपुढे ठेवतो.

आपला समाज सुवर्णकारांचा. म्हणून कथेचा आरंभ आपल्या काट्यापासूनच करू. कंपनी सरकारने १८३५ साली साऱ्या मुलखासाठी एकच रुपया ठरविला. त्याचे वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा. बारा भागांतील अकरा भाग त्यात शुद्ध चांदी. आपले वाडवडील दागिना तोलताना पारड्यात रुपया टाकीत, ते उगीच नव्हे. रुपया हे नाणेही होते आणि वजनही होते. गिऱ्हाईक दहा रुपये आणून देई, ते मुशीत वितळत आणि त्यांचे वाळे किंवा तोडे होत. उलट चांदी टांकसाळीत नेऊन दिली की अल्पशी घडणावळ कापून तिचे रुपये पाडून मिळत. नाणे आणि धातू यांमध्ये भिंत नव्हती, आणि गरिबाघरचे चांदीचे दागिने म्हणजे जणू अंगावर घातलेली बचतच होती.

तिकडे इंग्लंडात पौंड सोन्याशी बांधलेला होता. एका पौंडाचे २० शिलिंग आणि एका शिलिंगचे १२ पेन्स, म्हणजे पौंडाचे २४० पेन्स. १८७० च्या सुमारास एका रुपयास सुमारे दोन शिलिंग मिळत. २४० पेन्सना २४ ने भागावे, की उत्तर दहा येते. तेव्हा पौंड दहा रुपयांचा होता. हा भाव कोणी हुकमाने ठरविलेला नव्हता. एक नाणे चांदीचे आणि दुसरे सोन्याचे, म्हणून सोन्याचांदीचा बाजारात जो भाव तोच रुपया-पौंडाचा भाव, इतके ते सरळ होते.

पुढे जर्मनीने १८७१ च्या विजयानंतर सोन्याचे चलन स्वीकारले आणि आपली चांदी बाजारात काढली. अमेरिकेने व युरोपातील इतर राष्ट्रांनीही चांदीस पाठ दाखविली. त्यातच अमेरिकेतील नव्या खाणींतून चांदीचा लोट सुरू झाला. पूर्वी एक तोळा सोन्यास पंधरा-सोळा तोळे चांदी पडे, ती १८९४ च्या सुमारास तिसाहून अधिक पडू लागली. चांदीबरोबर रुपयाही उतरला. १८९४-९५ साली त्याचा सरासरी भाव १३ पेन्सांच्या आसपास आला. म्हणजे पौंडास साडेअठरा रुपयांच्या जवळपास पडू लागले.

याचा फटका कोणास बसला? हिंदुस्थान सरकारास दरसाल इंग्लंडात मोठी रक्कम पाठवावी लागे. अधिकाऱ्यांची निवृत्तिवेतने, रेल्वेच्या कर्जाचे व्याज, फौजेचा खर्च आणि लंडनमधील भारतमंत्र्याच्या कचेरीचा खर्च, हा सारा त्यात येई. त्यास 'होम चार्जेस' म्हणत. दादाभाई नौरोजींनी ज्यास या देशातून वाहून जाणारी संपत्ती म्हटले, त्या ओघाचा हा मोठा भाग. आपण उदाहरणासाठी दीड कोटी पौंड धरू. पौंड दहा रुपयांचा असता हे पंधरा कोटी रुपये झाले असते. पौंड साडेअठरांजवळ गेल्यावर त्याच देण्यासाठी साडेसत्तावीस कोटींहून अधिक रुपये लागले. देणे वाढलेले नव्हते, केवळ हुंडणावळ बदलली होती. वाढीव रुपये आकाशातून पडत नसत. ते करांतून, मिठातून आणि शेतसाऱ्यातून येत. उलट बाजूने पाहता, येथून धान्य, कापूस व सूत बाहेर पाठविणाऱ्यांस त्याच पौंडाचे अधिक रुपये मिळत, म्हणून त्यांस हा उतरता भाव मानवला. एकाच दराची दोन तोंडे असतात, ही पहिली खूणगाठ आपण येथे बांधून ठेवू.

सरकारने यावर जो उपाय योजिला, तो आपल्या धंद्याच्या मुळाशी जाणारा होता. २६ जून १८९३ रोजी खाजगी चांदीपुरत्या टांकसाळी बंद झाल्या. रुपये पाडण्याचा हक्क केवळ सरकारकडे राहिला. नाणे दुर्मिळ झाले की महाग होईल, हा त्यामागील हिशेब. तो खराही ठरला. १८९८ च्या सुमारास रुपया १६ पेन्सांवर आला आणि १८९९ साली इंग्लंडचे सोन्याचे सॉव्हरिन पंधरा रुपयांच्या भावाने या देशात कायदेशीर चलन झाले. लंडनच्या कचेरीस हायसे वाटले.

परंतु त्या दिवशी नाणे आणि धातू यांमध्ये प्रथमच भिंत उभी राहिली. रुपया वर चढला, चांदी मात्र खालीच घसरत राहिली. विसावे शतक उजाडता उजाडता रुपयातील चांदीची बाजारातील किंमत दहा-अकरा आण्यांवर आली होती. ज्या माउलीने दहा रुपये वितळवून तोडे करविले होते, तिच्या तोड्यांचे आता सहा-सात रुपयेच येणार! तिने काही गमावले नव्हते की उधळले नव्हते. तोडे तेच, वजन तेच, कसही तोच. आणि याच काळात १८९६-९७ चा व १८९९-१९०० चा असे दोन भयंकर दुष्काळ मुंबई इलाख्यावर कोसळले. अडीअडचणीसाठी अंगावर राखून ठेवलेली चांदी नेमकी अडचणीच्या वेळी हलकी झाली. ज्या घरांतून पैंजण आणि वाळे सोनाराच्या काट्यावर आले, त्या घरांना लंडनमध्ये काय ठरले याची वार्ताही नव्हती. काट्यामागे बसलेल्या आपल्या पूर्वजांस ते शब्द खावे लागले असतील. सोनाराने भाव पाडला, असेच गिऱ्हाईक म्हणाले असेल.

नामदार गोखल्यांनी १९०२ साली वरिष्ठ कायदेमंडळात अर्थसंकल्पावर जे पहिले भाषण केले, त्यात याच वर्मावर बोट ठेवले. रुपया उतरत असता तूट भरण्यासाठी वाढविलेले कर, रुपया चढल्यावरही तसेच ठेवलेले आहेत. त्यामुळे तिजोरीत दिसणारी शिल्लक ही भरभराटीची खूण नसून प्रजेकडून गरजेपेक्षा अधिक घेतल्याची खूण आहे, असे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. गणिताच्या शिक्षकाचे ते भाषण. आम्हां शिक्षकांस त्याचा अभिमान वाटावा.

पहिल्या महायुद्धात चक्र उलट फिरले. चांदी इतकी महागली की रुपया वितळविणे पुन्हा फायद्याचे होऊ लागले. सरकारास १९१७ साली कागदी एक रुपयाची नोट काढावी लागली आणि हुंडणावळीचा दर पायरीपायरीने वाढवावा लागला. तो डिसेंबर १९१९ मध्ये २८ पेन्सांवर पोहोचला. १९२० साली एका समितीच्या शिफारशीवरून सरकारने रुपयाचा भाव सोन्याच्या हिशेबाने दोन शिलिंग जाहीर केला. समितीतील एकमेव हिंदी सभासद दादिबा मेरवानजी दलाल यांनी तो अमान्य करून १६ पेन्सांचा जुना दरच योग्य, असे स्वतंत्र मत नोंदविले. बाजाराने दलालांची बाजू घेतली. जाहीर केलेला भाव टिकविण्यासाठी सरकारने साडेपाच कोटी पौंडांच्या हुंड्या स्वस्तात विकल्या आणि अखेर सप्टेंबर १९२० मध्ये हात टेकले. पुढच्याच वर्षी रुपया १६ पेन्सांच्याही खाली उतरला. दोन शिलिंगच्या भरवशावर विलायती कापडाच्या मागण्या पाठविलेल्या व्यापाऱ्यांची दाणादाण उडाली, आणि अनेकांनी गोदीत आलेला माल सोडविण्याचेच नाकारले.

यानंतरचा वाद म्हणजे १६ की १८ पेन्स. १९२५ साली हिल्टन यंग यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. त्याने १८ पेन्स, म्हणजे १ शिलिंग ६ पेन्स, ही शिफारस केली. मुंबईचे कापूस-व्यापारी सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी भिन्नमतपत्रिका जोडून १६ पेन्सांचा आग्रह धरला. आजच्या मुलांना वाटेल, दोन पेन्सांसाठी एवढा गहजब कशाला? फळ्यावर मांडून पाहू. १६ पेन्सांच्या दराने पौंडाचे १५ रुपये. १८ पेन्सांच्या दराने २४० भागिले १८, म्हणजे १३ रुपये ५ आणे ४ पै. शेतकऱ्याचा एका पौंडाचा कापूस विलायतेस गेला तर त्याच्या पदरात पंधरा रुपयांऐवजी सव्वातेरा रुपयांच्या जवळपासच येणार. परंतु त्याचा शेतसारा आणि सावकाराचे व्याज रुपयांत ठरलेले. ते एका पैनेही कमी होणार नव्हते. उलट मँचेस्टरचे कापड येथे तेवढ्या प्रमाणात स्वस्त पडून गिरण्यांशी स्पर्धा करणार. १९२७ साली मध्यवर्ती कायदेमंडळात हा कायदा अगदी थोड्या मतांच्या फरकाने संमत झाला. ही गोष्ट लोकांच्या मनास इतकी झोंबली होती की, महात्मा गांधींनी जानेवारी १९३० मध्ये सरकारपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत मिठावरील कर रद्द करण्याबरोबरच रुपयाचा दर १ शिलिंग ४ पेन्स करावा, ही एक मागणी होती.

येथे आणखी एका थोर पुरुषाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडन येथे डॉक्टरेटसाठी लिहिलेला प्रबंध याच विषयावरचा होता. १९२३ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला आणि १९२५ साली त्यांनी हिल्टन यंग आयोगापुढे साक्षही दिली. रुपया उतरला की देशाचे कल्याण होते, हे व्यापाऱ्यांचे म्हणणे त्यांनी जसेच्या तसे मानले नाही. रुपया उतरतो तेव्हा वस्तूंचे भाव चढतात, मजुरी मात्र त्या वेगाने चढत नाही. म्हणून निर्यात करणाऱ्याचा वाढीव नफा हा देशाचा नफा नसून बऱ्याच अंशी मजुराच्या खिशातून आलेला असतो, असे त्यांचे म्हणणे होते. आम्ही हे वाचले तेव्हा थोडा वेळ पुस्तक मिटून बसलो. चढा रुपया म्हणजे मान आणि उतरता रुपया म्हणजे अपमान, असे आम्ही मुलांना शिकवीत आलो होतो. प्रश्न मानापमानाचा नव्हताच. दर चढला तर कोणी भरावे आणि उतरला तर कोणी भरावे, हा खरा प्रश्न होता.

आता १९३१ साल. हे साल आमच्या घरच्या एका वहीत आहे. आमचे आजोबा देशावरच्या एका तालुक्याच्या गावी सराफकट्ट्यावर बसत. त्यांची मोडी लिपीतील वही वडिलांनी आम्हांस वाचून दाखविलेली होती. या वर्षीच्या आणि पुढील दोन-तीन वर्षांच्या पानांवर नवीन घडणीच्या नोंदी फारच थोड्या आहेत. पानामागून पाने मोडीच्या नोंदींनी भरली आहेत. पाटल्या मोड, वज्रटीक मोड, पुतळ्यांची माळ मोड. एके ठिकाणी डोरले मोड असे आहे. ते वाचताना वडील थांबले होते. सौभाग्याचे लेणे मोडावयास येणाऱ्या बाईवर काय वेळ आली असेल, हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

ही वेळ का आली, ते आता पुस्तकांतून उमगले. १९२९ च्या जागतिक मंदीने शेतमालाचे भाव दोन वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले होते. सारा आणि व्याज मात्र कायम. अशात २१ सप्टेंबर १९३१ रोजी इंग्लंडने पौंडाचा सोन्याशी असलेला संबंध तोडला. पौंड घसरला. रुपयाने काय करावे, हे लंडनहून भारतमंत्र्याने जाहीर केले : रुपया पौंडाशी बांधलेला राहील आणि दर १८ पेन्सच राहील. रुपया-पौंडाचा आकडा तिळभर हलला नाही, म्हणून वरवर पाहणाऱ्यास काही घडलेच नाही असे वाटावे. परंतु पौंडाबरोबर रुपयाही सोन्याच्या तुलनेत खाली गेला. १९२७ च्या कायद्याने एक तोळा शुद्ध सोन्याचा भाव २१ रुपये ३ आणे १० पै धरलेला होता. तो आता भराभर चढून तिशीकडे निघाला. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यास वाटले, देवच पावला. घरातले सोने बाहेर निघाले, सराफकट्ट्यावरून मुंबईस आणि मुंबईहून बोटीने लंडनला गेले. पुढील काही वर्षांत शेकडो कोटी रुपयांचे सोने या देशातून बाहेर गेले. रुपयाचा भाव १८ पेन्सांवर टिकला आणि लंडनची देणी बिनबोभाट फिटत राहिली, त्यास या सोन्याचा मोठा हातभार लागला. या सोन्यास इतिहासकारांनी 'विपत्तीचे सोने' असे नाव दिले आहे. आमच्या आजोबांच्या वहीत त्यास केवळ 'मोड' म्हटले आहे.

१ एप्रिल १९३५ रोजी रिझर्व्ह बँक सुरू झाली. तिच्या कायद्यातच १८ पेन्सांचा दर राखण्याची जबाबदारी लिहिलेली होती. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडने येथून अपरंपार माल नेला. त्याची किंमत लंडनमध्ये आपल्या नावे पौंडांत जमा करून ठेवली आणि येथे मात्र त्याच्या आधारावर नोटा छापल्या गेल्या. महागाईने लोक होरपळले. अशा रीतीने ऋणको देश धनको झाला! स्वातंत्र्याच्या वेळी इंग्लंडकडे आपले एक अब्जाहून अधिक पौंड येणे होते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, महाराष्ट्राचे सुपुत्र चिंतामणराव देशमुख, १९४४ साली ब्रेटन वुड्स येथील परिषदेस गेले होते. तेथेही भारताच्या शिष्टमंडळाने या येण्याचा प्रश्न मांडला होता.

आता आमच्या खोट्या उत्तराचा निकाल लावू. १५ ऑगस्ट १९४७ रोजी दर तोच होता : रुपयास १८ पेन्स, पौंडास १३ रुपये ५ आणे ४ पै. त्या वेळी एका पौंडास ४ डॉलर ३ सेंट पडत. सव्वातेरा रुपयांहून किंचित अधिक अशा या रकमेस चार डॉलरांनी भागले, तर एक डॉलर सव्वातीन रुपयांहून थोडा अधिकच पडतो. एक रुपया म्हणजे एक डॉलर, ही केवळ लोककथा आहे. चौथीच्या मुलास सुटणारे हे उदाहरण आम्ही तीस वर्षे सोडवून पाहिले नाही, याची आज भरसभेत कबुली देतो.

सप्टेंबर १९४९ मध्ये इंग्लंडने डॉलरच्या तुलनेत पौंडाचे अवमूल्यन केले. आपला व्यापार आणि आपले येणे बहुतेक पौंडांतच अडकलेले असल्यामुळे भारतानेही तेवढेच अवमूल्यन केले. रुपया-पौंडाचा दर पुन्हा जसाच्या तसा राहिला. लंडनमध्ये पडून राहिलेल्या आपल्या येण्याची डॉलरमधील किंमत मात्र सुमारे तीस टक्क्यांनी उतरली. आकडा स्थिर दिसतो तेव्हाही कोणीतरी भरीत असतो, याचा हा दुसरा दाखला.

पुढे दोन युद्धे झाली, १९६५ चा दुष्काळ पडला, गंगाजळी आटली आणि परदेशी साहाय्याशिवाय गत्यंतर उरले नाही. ६ जून १९६६ रोजी सरकारने रुपयाचे अवमूल्यन केले. पौंड एका दिवसात १३ रुपये ३३ पैशांवरून २१ रुपयांवर गेला. आम्ही तेव्हा आठ-नऊ वर्षांचे होतो. वडील वर्तमानपत्र हाती घेऊन म्हणाले, "रुपया पडला!" आणि आम्ही तो ओसरीवर शोधू लागलो, असे आई पुढे पुष्कळ वर्षे सांगत असे. पण वडिलांच्या हसण्यात जीव नव्हता. त्याआधी तीनच वर्षांपूर्वी, जानेवारी १९६३ मध्ये, सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले होते. परदेशी चलनाची टंचाई आणि सोन्याची चोरटी आयात ही त्यामागील कारणे, आणि चौदा कॅरटांहून अधिक कसाचे नवे दागिने घडविण्यास बंदी. किती सोनारांच्या शेगड्या त्यामुळे थंडावल्या, हे या सभागृहातील वडीलधाऱ्यांस सांगावयास नको. आमच्या घरची शेगडीही त्यांतलीच. आम्ही फुंकणीऐवजी खडू हाती घेतला, त्याचे कारण हेच. सुवर्ण नियंत्रण कायदा अखेर १९९० साली रद्द झाला.

उरलेली कथा थोडक्यात सांगतो. नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंडाचेच अवमूल्यन झाले. या वेळी भारत त्यामागे गेला नाही, म्हणून पौंड २१ वरून १८ रुपयांवर आला. १९७२ साली पौंडाचा भाव बाजारावर सोडण्यात आला आणि सप्टेंबर १९७५ मध्ये भारताने रुपयाची पौंडाशी असलेली गाठ सोडली. १८९३ पासून, मधली काही वर्षे वगळता, चालत आलेले हे बंधन ब्याऐंशी वर्षांनी सुटले. १९९१ साली गंगाजळी इतकी खालावली की सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंडकडे तारण म्हणून पाठवावे लागले आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात दोनदा अवमूल्यन करावे लागले. १९९३ पासून रुपयाचा दर बाजारात ठरतो. रिझर्व्ह बँक केवळ फार चढउतार झाल्यास हात घालते. अलीकडच्या काळात पौंडाने शंभरी ओलांडली आहे. यात केवळ मानहानी नाही आणि कोणाचे कारस्थानही नाही. आपल्याकडील महागाई अनेक दशके इंग्लंडपेक्षा अधिक वेगाने वाढली, आपण विकतो त्याहून अधिक माल बाहेरून घेतो, तेल आणि सोने ही त्यांतली मुख्य. या साऱ्याची ती बेरीज आहे.

ज्ञातिबंधूंनो, या दीर्घ कथेतून आम्ही काय घेतले? आजच्या उतरत्या रुपयाने परदेशात नोकरी करणाऱ्या मुलाच्या आईवडिलांस येथे अधिक रुपये मिळतात आणि परदेशात शिकणाऱ्या मुलीच्या आईवडिलांस अधिक भरावे लागतात. दोन्ही घरे याच सभागृहात बसलेली आहेत. दर कोणत्याही बाजूस हलो, त्याचा भार बहुधा ज्याने तो दर ठरविलेला नाही आणि ज्याच्यापाशी वाट पाहण्याइतके बळ नाही, त्याच्या अंगावर येतो. १८९३ साली तो तोड्यांवर आला, १९३१ साली डोरल्यावर आला आणि गतवर्षी आपल्यातीलच एका घरच्या पाटल्यांवर आला. पहिल्या दोन वेळी निर्णय लंडनमध्ये झाला होता. तिसऱ्या वेळी तो आपल्या बैठकीत झाला, आणि आमचे मत त्यात होते.

म्हणून अध्यक्ष महाराज, व्याख्यान संपविताना आम्ही एक सूचना करतो. परदेशी शिक्षणासाठी निधीतून साहाय्य मंजूर होईल तेव्हा ते शुल्काच्या चलनात मोजावे. मंजुरीच्या आणि भरण्याच्या दिवशीच्या दरांत जो फरक पडेल, तो कार्यकारी मंडळ ठरवील त्या मर्यादेपर्यंत निधीने सोसावा, आणि दर उतरून रक्कम उरल्यास ती निधीस परत यावी. एका घरास जो धक्का असह्य होतो, तो शेकडो घरांत वाटला तर जाणवतही नाही. मंडळे स्थापन होतात ती यासाठीच. तसेच गतवर्षीचा तो अर्ज पुन्हा विचारात घ्यावा. ती सूचना मांडण्याचा अधिकार आम्हांस आहे, कारण तो नामंजूर करण्यात आमचा हात होता. त्या पाटल्यांच्या वजनाइतके सोने त्या मातेच्या हाती परत गेले, तर आमच्या आजोबांच्या वहीत कोठेही न आढळलेली एक नोंद आपल्या मंडळाच्या दप्तरी होईल.